तलंगांचं खाणं: एक दिवसाच्या पिल्लापासून पहिल्या अंड्यापर्यंत

माझ्या पहिल्या बॅचमधल्या बारा तलंगांपैकी (तलंग म्हणजे मोठी दिसायला लागलेली पण अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) तीन मीच मारल्या, आणि त्या पण उपाशी ठेवून नाही तर महागाचं खाऊ घालून. झालं असं की नवव्या आठवड्यात स्टार्टरचं, म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्याचं पोतं संपलं, दुकानात गेलो तर त्याच्या पुढचं, वाढत्या तलंगांचं ग्रोवर शिल्लक नव्हतं, दुकानदार म्हणाला लेयर घेऊन जा की, शेवटी अंड्यावरच आणायच्यात ना, लवकर येतील. मला पण पटलं. लेयर म्हणजे अंड्याचं खाद्य, ते घातलं की अंडी लवकर, सरळ हिशोब. पाच आठवडे काहीच कळलं नाही, नुसतं पाणी जास्त पितेत एवढंच दिसत होतं तर म्हटलं ऊन आहे, पितेत. मग एक तलंग कोपऱ्यात पंख फुगवून बसायला लागली, शिट पांढरी पातळ, चुन्याच्या निवळीसारखी, दोन दिवसांत गेली. दुसरी गेल्यावर ती पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेली, त्यांनी टेबलावर उघडून दाखवली. मूत्रपिंडं सुजून फिकी पडलेली आणि हृदयावर, कलेजीवर असा पांढरा थर की कुणीतरी खडूची पूड भुरभुरलीय. बोटाने खरवडला तर निघत होता. काय घालताय म्हणाले, मी सांगितलं, त्यांनी कपाळाला हात लावला. तिसरी घरी येईपर्यंत गेलीच होती.

याला गाऊट म्हणतेत. लेयर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतंय कारण अंडी देणारी कोंबडी ते रोज टरफलात घालून बाहेर टाकते, एका टरफलात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं. वाढत्या तलंगेला लागतं साधारण एक टक्का. बाकीचं ती टाकणार कुठे, टरफल तर बनत नाही, मग सगळा भार मूत्रपिंडावर. म्हणून हे सगळं लिहायला बसलो, घरामागं दहा-पंधरा पक्षी पाळणाऱ्यांसाठी, मोठ्या शेडवाल्यांना हे सगळं पाठ असतंय.

(दुकानात कुणी पुलेट म्हणालं तर ती तलंगच.)

आधी तुमच्याकडे जात कुठली आहे ते बघा, कारण खाली मी आठवडे सांगणार ते सगळ्यांना सारखे लागू होत नाहीत. बीव्ही ३८० सारखी तपकिरी लेयर (इथे लेयर म्हणजे अंड्यासाठीच पैदास केलेली जात) अठरा ते वीस आठवड्यांत अंड्यावर येते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या ग्रामप्रिया आणि वनराजा साडेपाच-सहा महिने घेतेत, कडकनाथ सहाच्या आसपास, आणि आपली गावरान तिच्या मर्जीने, सहा-सात महिने धरून चाला. म्हणजे गावरान असेल तर मधला ग्रोवरचा काळ लांबवायचा, बाकी क्रम तोच. पिल्लं कधी आणायची तर माझं मत ऑगस्टमधे. एकतर सोलापूरच्या एप्रिल-मे मधे एक दिवसाचं पिल्लू वाढवणं म्हणजे डोक्याला ताप, ४२-४३ डिग्रीला आपणच वाढत नाही, आणि दुसरं म्हणजे ऑगस्टची लेयर पिल्लं गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या संक्रांतीच्या आसपास पहिलं अंडं देतेत, मग ऊन तापायच्या आत त्यांचं बस्तान बसलेलं असतंय.

पिल्लं आणली त्या दिवशी आधी पाणी मग खाणं. पिल्लू अंड्यातनं येताना पोटात बलक घेऊन येतं, त्यावर दोन-तीन दिवस निघतात, म्हणूनच ती खोक्यातनं लांबून येऊ शकतेत, पण प्रवासात तहान लागलेली असते. लिटरभर कोमट पाण्यात मूठभर गूळ विरघळवायचा, पहिला अर्धा दिवस तेवढंच, मग साधं पाणी. गूळपाणी दोन-तीन दिवस चालू ठेवू नका, हगवण लागते आणि पिसं चिकट होतेत. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात टेकवून द्यायची, एकाला कळलं की बाकीची बघून शिकतेत पण दोन-चार बावळट असतेतच. पाण्याचं भांडं उथळ घ्या, मी मातीचं परळ ठेवतो आणि त्यात धुतलेले गुळगुळीत खडे टाकतो नाहीतर रात्री एखादं पिल्लू त्यात बसून गार पडून मरतं. खोटं वाटेल पण बोटभर पाण्यात बुडलेलं पिल्लू मी बघितलंय.

खाली वर्तमानपत्र घालतो आपण, पण नुसतं गुळगुळीत पेपर पाय घसरवतो आणि पिल्लाचे पाय दोन बाजूला फाकतेत ते मग सहज सुधारत नाहीत. तुसावर गोणपाट पसरा, त्यावर चुरगळलेला पेपर, त्यावर मक्याचा बारीक भरडा शिंपडा. पहिला दिवस भरडा चालतो, शिट वाळून बूड चिकटायचं प्रमाण कमी राहतं. बूड चिकटलंच तर ओढून काढायचं नाही, कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवायचं. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, आणि इथे कंजुसी नको. वीस-एकवीस टक्के प्रोटीनचं स्टार्टर पहिले आठ आठवडे, गावरानला पण. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर स्वस्तात मिळतंय म्हणून घालू नका, ते सहा आठवड्यांत कापायच्या पक्ष्यासाठी आहे, आपल्याला वर्ष-दीड वर्ष अंडी घ्यायचीत.

पिल्लू खात नाही अशी तक्रार आली की मी आधी उबेच्या बल्बचं विचारतो. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर ३५ डिग्री लागतं, दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करायचं. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच बघा: बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवाट करतेत म्हणजे गार, भिंतीला चिकटून चोची उघड्या म्हणजे गरम, सगळीकडे पसरून खातेत-झोपतेत म्हणजे बरोबर. गार पडलेलं पिल्लू खाण्यापेक्षा ऊब शोधतं, मग भांडं भरलेलं आणि पोट रिकामं. रात्री हात घालून गळ्याखालची पिशवी चाचपा, भरलेली मऊ लागली पाहिजे, रिकामी किंवा कडक लागली तर काहीतरी चुकतंय, कडक म्हणजे पाणी कमी पडलंय.

किती घालायचं? पहिल्या आठवड्यात पक्ष्याला दिवसाला दहा-बारा ग्रॅम, चौथ्यात पंचवीस-तीस, आठव्यात पंचेचाळीस-पन्नास, बाराव्यात साठ, सोळाव्यात सत्तर-पंच्याहत्तर, विसाव्यात पंच्याऐंशी-नव्वद, आणि पूर्ण अंड्यावर आली की शंभर ते एकशे पंधरा. हे लेयर जातीचं झालं, वनराजा जरा जास्त खाते, गावरान बाहेर फिरून स्वतःचं बघते. रोज काटा कोण काढणार, तर एकदाच घरातली आमटीची वाटी भरून मॅश, म्हणजे दळलेलं खाद्य, तोलून घ्या. आमची वाटी नव्वद ग्रॅमची निघाली, तेव्हापासून हिशोब वाटीत. पहिले आठ आठवडे मोजायचंच नाही, दिवसभर समोर असू द्या. दहा पिल्लांना आठ आठवड्यांत वीस किलोच्या आत स्टार्टर लागतं, म्हणजे पन्नास किलोचं पोतं एकट्याने आणायचंच नाही, शेजारी कोणी पाळत असेल तर वाटून घ्या. दळलेलं खाद्य महिना-दीड महिन्याच्या पुढं ठेवलं की त्यातली जीवनसत्त्वं उतरतेत आणि वास मारायला लागतो.

भांड्याचं एक सांगतो मग पुढं जातो. फीडर एक-तृतीयांशच भरा आणि त्याचा काठ पक्ष्याच्या पाठीइतक्या उंचीवर टांगा, दर आठवड्याला दोरी वर घ्या. काठोकाठ भरून जमिनीवर ठेवलं की ती आत उभ्या राहून पायाने उकरून निम्मं तुसात घालवतेत, आणि ते पैसे तुमचेच असतेत.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात शिटेत रक्त दिसलं तर तो कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस नावाचा आतड्याचा रोग. खाद्य बदलून बरा होत नाही, डॉक्टरला विचारून अँप्रोलियमसारखं औषध पाण्यातनं द्यावं लागतं, आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून टाकायचं कारण तिथंच तो वाढतो. मानमोडी रोगाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतेत, पुढच्या कधी त्या डॉक्टरकडनं लिहून घ्या. एखादी लस पाण्यातनं द्यायची असेल तर क्लोरीनचं नळाचं पाणी वापरू नका, लस मरते. एवढंच, रोगांवर वेगळं कधीतरी.

आता आठवा आठवडा. इथून ग्रोवर, सोळा-सतरा टक्के प्रोटीन, कॅल्शियम एकच्या आसपास. एकदम बदलू नका. चार भागातला एक भाग नवीन दोन-तीन दिवस, मग अर्धा-अर्धा, मग तीन भाग, आठवड्यात पूर्ण. एकदम बदललं की खाणं सोडतेत, मॅशची जाडी बदलली तरी रुसतेत. दहा तलंगांना नवव्या ते अठराव्या आठवड्यापर्यंत पंचेचाळीस-पन्नास किलो लागतं, म्हणजे इथे बरोबर एक पोतं, निम्मं निम्मं करून दोनदा आणलं तर अजून बरं.

पोत्याचा भाव परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी घरचं मिश्रण. मी दहा किलोचं करतो: मक्याचा भरडा ४ किलो, ज्वारीचा भरडा २ किलो, सोयाबीन पेंड १ किलो ७०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा दीड किलो, तुरीची चुणी अर्धा किलो, कोंबड्यांचं मिनरल मिक्सचर २०० ग्रॅम, चुनखडीची पूड १०० ग्रॅम आणि वरनं मीठ ३० ग्रॅम. हिशोब केला तर प्रोटीन सोळाच्या जरा वर बसतं. व्हिटॅमिनचं पाकीट आणि मेथिओनिन (प्रोटीनचा एक घटक) त्यावर लिहिलंय त्या मापाने, हे टाळू नका कारण डाळी-पेंडीत मेथिओनिन कमी असतं आणि पिसं त्याच्यावरच उभी राहतेत. मिनरल मिक्सचर गाई-म्हशींचं नको, कोंबड्यांचंच मागा, आणि त्यात आधीच मीठ असेल तर वेगळं घालू नका. बारीक जिन्नस आधी दोन किलो भरड्यात कालवायचे मग तो भरडा बाकीच्यात, नाहीतर एकीच्या चोचीत सगळं मीठ आणि दुसरीला नुसता कोंडा.

मका-ज्वारी का दोन्ही, तर ज्वारी आपल्याकडे पिकते, मंगळवेढ्याची मालदांडी तर घरोघरी, किडलेली-फुटकी असली तर दळून पक्ष्यांना छान चालते (किडलेली म्हणतोय, बुरशीची नाही, फरक समजून घ्या). ताकदीला ती मक्याच्या जवळपासच. पण ज्वारीत पिवळा रंग नसतो, नुसत्या ज्वारीवर वाढवलेल्या कोंबडीचा बलक फिकट येतो, गिऱ्हाईक म्हणतं ही कसली गावरान. मक्याने आणि हिरव्या पाल्याने रंग येतो.

आता शेंगदाणा पेंड. सोलापूर जिल्ह्यात शेंगा काय कमी, पेंड पण सहज मिळते आणि सोयाबीनपेक्षा कधीकधी स्वस्त पडते, तर लोक पहिला तिकडे हात घालतेत. प्रोटीन भरपूर, चाळीसच्या वर, पण दोन भानगडी. लायसिन-मेथिओनिन हे प्रोटीनचे घटक कमी, त्यामुळे सगळी सोयाबीन काढून ती घालता येत नाही. आणि बुरशी. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते डोळ्याला दिसत नाही, उन्हात वाळवून जात नाही, शिजवून जात नाही, सरळ कलेजीवर बसतं, आणि पिल्लं मोठ्यांपेक्षा लवकर मरतेत. मी शेंगदाणा पेंड घातलीच तर तीन महिन्यांच्या पुढच्या तलंगांना, सोयाबीनच्या पाव भागाऐवजी, आणि ती पण ताजी, घाण्यावरनं आणलेली. पावसाळ्यात अजिबात नाही. पोती भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, चार विटांवर फळी टाकून भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. वास घ्या, मुठीत दाबा, गोळा झाला की नको.

घरातलं उरलंसुरलं हा सगळ्यात वादाचा विषय आहे. आमच्या शेजारच्या अक्कांचं म्हणणं, आमच्या सासूबाईंनी कधी पोतं आणलं होतं का, उकिरड्यावर फिरायच्या आणि अंडी द्यायच्या. बरोबर आहे अक्का, पण तुमच्या सासूबाईंच्या कोंबड्या अर्ध्या गावातनं फिरून किडे-मुंग्या-दाणे-पाला वेचायच्या आणि वर्षाला पन्नास-साठ अंडी द्यायच्या, आपण दहा बाय दहाच्या जाळीत ठेवून तिच्याकडनं अडीचशे मागतोय. जाळीतली तलंग तुम्ही घालाल तेच खाणार. म्हणून घरचं खरकटं दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, आणि तेही खाद्य खाऊन झाल्यावर, चार वाजता.

कडक भाकरीचा चुरा मस्त चालतो, पाण्यात भिजवून घाला. भात चालतो, शिळा पण आंबलेला नको. मेथीच्या काड्या, कोथिंबिरीचे देठ, पालक, कोबीची पानं दोरीला बांधून टांगा, उड्या मारून खातेत आणि एकमेकींची पिसं उपटायचं विसरतेत. शेवग्याचा पाला सोलापुरात फुकट असतो, त्याच्यासारखं नाही, वाळवून चुरून मॅशमधे घातला तरी चालतो. लसूणघास तर उत्तमच. अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतीचं कौतुक ऐकून मी पण खड्डा केला होता, आहे चांगला, पण लोक सांगतेत तसा खाद्य निम्म्यावर आणत नाही कारण ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतंय. मूठभर वरनं घालायला ठीक. आणि आमच्याकडे मे महिन्यात खड्ड्यात पाणी टिकवायचं की माणसांना ठेवायचं हा प्रश्न येतो.

काय घालायचं नाही: फरसाण, शेव-चिवडा, लोणचं, पापड, कारण मीठ. शेंगाचटणी सांडलेली पण नको, ती तिखटामुळे नाही हां, कोंबडीला तिखट लागतच नाही, पक्ष्यांच्या तोंडाला मिरचीची आग कळत नाही, चटणीतलं मीठ आणि तेल नको म्हणून. कच्चा राजमा, कच्चे सोयाबीन दाणे, हिरवे पडलेले बटाटे आणि त्यांची सालं, वापरलेली चहापत्ती, बुरशीची ब्रेड. कच्च्या सोयाबीनमधे असा घटक असतो जो प्रोटीन पचू देत नाही, भाजून किंवा पेंड झाल्यावर तो जातो, म्हणून शेतातनं आणलेलं सोयाबीन तसंच दळून मिश्रणात घालू नका, माझ्या मित्राने घातलं होतं, दोन महिने पक्षी आहे तेवढाच.

एक जुनी युक्ती मात्र अक्कांकडनंच शिकलो. मातीचं फुटकं मडकं घ्यायचं, त्यात वाळलेलं शेण, ज्वारीच्या कडब्याचे तुकडे, जुन्या गोणपाटाचा तुकडा कोंबायचा, पाण्याने ओलं करायचं आणि संध्याकाळी बांधावर वारुळाच्या जवळ तोंड खाली करून पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं की आत वाळवी भरलेली, पांढरी वळवळती. लगेच नेऊन पिल्लांपुढं झटकायचं, उन्हात ठेवलं तर पळते. पिल्लं त्यावर जी तुटून पडतेत, स्टार्टर विसरतेत. फुकटचं प्रोटीन आहे. फक्त शेताला कीटकनाशक मारलेलं नको आणि मडकं घराच्या चौकटीजवळ नको, दाराला वाळवी लागली तर घरच्यांना काय सांगणार.

बाहेर मोकळी फिरत असेल तर खडे ती स्वतः वेचते. जाळीत असेल आणि तुम्ही अख्खी ज्वारी, पाला असं काही घालत असाल तर बारीक कच द्यावी लागते, कारण कोंबडीला दात नाहीत, दळण होतं ते पेट्यात, आपण कलेजी-पेटा म्हणतो त्यातला पेटा, आणि ते जातं खड्यांशिवाय फिरत नाही. नदीची जाड वाळू धुवून वाटीत ठेवा. आता हे खडे आणि शिंपल्याचा चुरा यात गोंधळ करू नका, खडे दळायला, शिंपला टरफलाला. संगमरवराचे बारीक तुकडे पण शेवटी कॅल्शियमच आहेत, ते विरघळतेत, तलंगांच्या वाटीत नकोत.

ग्रोवरच्या काळात लोकांचं लक्ष उडतं, पिल्लं गोंडस राहिली नाहीत आणि अंडी अजून नाहीत, मग कुणीतरी सकाळी दोन मुठी ज्वारी फेकून ऑफिसला जातंय. खरी कोंबडी इथेच बनते. बारा आठवड्यांपर्यंत हाडांचा सांगाडा जवळजवळ होत आलेला असतो, त्यात कमी पडलं तर नंतर चरबी चढते पण सांगाडा नाही वाढत. म्हणून दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी खुराड्यात जायचं, चार तलंगा पिशवीत घालून काट्याला लावायच्या आणि वहीत लिहायचं. बीव्हीसारख्या तपकिरी लेयरचं सोळाव्या आठवड्यात साधारण सव्वा किलो आणि अठराव्याला चौदाशे-पंधराशे ग्रॅमच्या आसपास पाहिजे. काटा नसेल तर छातीच्या हाडावरनं बोट फिरवा: सुरीच्या पात्यासारखं टोचलं तर बारीक, अजिबात लागलंच नाही तर जाड. जाड तलंग दिसायला छान पण पहिल्या अंड्याला अडते, नाहीतर अंड्याबरोबर अंग बाहेर येतं. मका-ज्वारीचा मारा केलेल्या तलंगांचं हे होतं. आणि लहान-मोठ्या फार दिसायला लागल्या तर भांडी वाढवा, दांडग्या दोघी-तिघी भांडं अडवून बसतेत आणि गरीब तलंग कडेला उभी. मी दोन टोकांना दोन फीडर टांगले आणि महिन्यात फरक भरून निघाला.

सोळाव्या आठवड्याच्या सुमारास जंताचं औषध देऊन घ्या डॉक्टरांना विचारून, अंडी सुरू व्हायच्या आधीच झालेलं बरं. आणि या काळात रात्री खुराड्यात दिवा लावू नका. उजेडाचे तास वाढवले की शरीर तयार नसताना अंडी सुरू होतेत, मग बारकी बारकी अंडी आणि लवकर थकलेली कोंबडी. दिवा अंड्यावर आल्यावर, तेव्हा दिवस-दिवा मिळून चौदा ते सोळा तास लागतेत.

उन्हाळ्याचं थोडं जास्त लिहितो कारण सोलापूर आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून गार होते, आणि दुपारी खाणं सोडते कारण पचवायला पण अंगात उष्णता तयार होते. अडतीस-चाळीसच्या पुढं गेलं की मी दहा ते पाच फीडर वरच ओढून ठेवतो, पहाटे साडेपाचला एक भाग आणि उन्हं उतरल्यावर एक भाग. जे काही खाईल ते भरीव असावं म्हणून उन्हाळ्यात दाणे कमी, सोयाबीनचं मिश्रण जरा वाढवून. ओला मॅश आवडीने खातेत पण दोन तासांत आंबतो, उरलेला उचलून टाका, म्हशीला घाला. ताक पातळ करून द्या, मीठ न घातलेलं.

पाणी एरवी खाद्याच्या दुप्पट लागतं, मे महिन्यात तिप्पट-चौपट. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत साठवलेलं दुपारी चहा होईल इतकं तापतं, आणि कोंबडी गरम पाणी पीत नाही, तहानेने मरेल पण पिणार नाही. म्हणून काळी प्लास्टिकची टाकी सावलीत घ्या किंवा गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा, पाणी मातीच्या परळात आणि दिवसातनं तीनदा बदला. बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर धरत असेल तर पिल्लांना तरी पिण्याचंच द्या, मोठ्या सोसतेत. पाणी कमी पडलं की खाणं पण कमी होतं हे लक्षात ठेवा, खात नाहीत म्हणून खाद्यवाल्याला शिव्या घालायच्या आधी पाण्यात बोट घाला.

ज्यांच्याकडे जुन्या अंड्यावरच्या कोंबड्या आणि नव्या तलंगा एकाच खुराड्यात आहेत त्यांचा प्रश्न, दोन खाद्यं कशी वेगळी ठेवायची. ठेवताच येत नाहीत, नाद सोडा. सगळ्यांना ग्रोवर घाला आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत टांगून ठेवा. अंडी देणारी कोंबडी तिला पाहिजे तेवढा चुरा स्वतः खाते, तलंग एखाद-दुसरी चोच मारून बघते आणि सोडून देते. त्यांना कळतंय, हे मला फार नवल वाटतं, मला कळलं नव्हतं.

आता लेयर खाद्य कधी? कॅलेंडर बघून नाही, तलंग बघून. तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी फिकी गुलाबी असते ती लालभडक व्हायला लागते, आवाज बदलतो, कोपरे हुंगत जागा शोधत फिरते, आणि तुम्ही जवळ गेलात की पळायच्या ऐवजी पंख जरा पसरून जमिनीला बसते. उचलून मागच्या बाजूची दोन हाडं चाचपा, तलंगेची चिकटलेली असतेत, अंड्यावर येणारीच्या मधे दोन बोटं बसतेत. बऱ्याच जणी अशा दिसल्या की लेयर सुरू करायला हरकत नाही, परत आठवडाभर मिसळत मिसळत. दुकानात प्री-लेयर मिळत असेल, दोन-अडीच टक्के कॅल्शियमचं, तर पहिल्या अंड्याच्या आधी दोन आठवडे ते घाला, या दिवसांत ती लांब हाडांच्या आत कॅल्शियमचा साठा करून ठेवते आणि पुढं टरफलाला कमी पडलं की त्यातनं काढते. नसेल मिळत तर ग्रोवर आणि लेयर अर्धं-अर्धं करा, तिथंच पोचता.

पहिलं अंडं बारकं येतं, पस्तीस-चाळीस ग्रॅमचं, कधी टरफलावर रक्ताचा डाग, कधी टरफलच नाही नुसती कातडी. पहिले दोन-तीन आठवडे घाबरू नका. त्यानंतर पण मऊ अंडी येत राहिली तर मग कॅल्शियम बघा. उन्हाळ्यात पातळ टरफल सगळ्यांकडेच येतं, धापा टाकण्याने रक्तातलं गणित बिघडतं, त्याला सावली आणि गार पाणी हाच उपाय, चुरा वाढवून फार फरक पडत नाही. घरची टरफलं घालायची असतील तर तव्यावर भाजून अगदी बारीक चुरा करा, अर्धं टरफल तसंच टाकलं की तिला चव कळते आणि ती स्वतःचं अंडं फोडून खायला शिकते, ही सवय लागली की सुटत नाही.

आणि शिंपल्याची वाटी संध्याकाळी भरा. टरफल बनायला वीसेक तास लागतेत आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, तेव्हा पोटात जाडसर चुरा असला की तो हळूहळू विरघळत राहतो. बारीक पूड नको, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे बघून घ्या. माझ्याकडच्या नऊ जणी दिवसभर त्या वाटीकडे बघत नाहीत आणि सहा वाजले की रांग लावतेत.